चाचांचा सा

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते. पुढे जे घडलं त्यात त्याचा वाटा आहे. त्याहून मोठा वाटा माझ्या हुशारीचा आहे, आणि हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

अमरावतीत आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी गाणी रेकॉर्ड करायची. स्टुडिओ म्हणायची लाज वाटायची, पण दारावरच्या पाटीवर तेच लिहिलेलं होतं. भिंतींना जुन्या गाद्या टांगलेल्या, एक माइक, एक साउंड कार्ड, दोन लहान स्पीकर आणि बॅटरी मेलेला लॅपटॉप. विजेची वायर निघाली की तो तिथल्या तिथे बंद पडायचा. सकाळी मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची आणि दुपारनंतर भजनी मंडळं, बँडवाले, शाळांची स्वागतगीतं, जे येईल ते घ्यायची.

लॅपटॉपवर लिनक्स होतं, म्हणजे फुकट आणि कायदेशीर मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम. गावातले बाकीचे सगळे चोरीच्या सॉफ्टवेअरवर काम करायचे. पानठेल्यावर खर्रा मिळावा तशा त्या सीड्या मिळायच्या, आणि त्यांच्याबरोबर व्हायरस फुकट. एकदा एका मंडळाची सगळीच्या सगळी भजनं अशाच व्हायरसनं खाल्ली, तेव्हा माझं टाळकं सरकलं. एका मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी मी त्याच संध्याकाळी मशीनमध्ये टाकली. पुढचे दोन महिने मशीनमधून आवाजच निघाला नाही. तिसऱ्या महिन्यात निघाला, तेव्हा मी शेजारीपाजारी पेढे वाटले. शेजारच्या काकूंना वाटलं, माझं लग्न जमलं.

गाण्याच्या कामात प्लगिन लागतात. प्लगिन म्हणजे आवाजावर एकेक काम करणारे लहान लहान प्रोग्राम. एक घुमारा देतो, एक ओरडणाऱ्याला आवरतो, एक खरखर काढतो. चोरीच्या सीडीवरच्या प्लगिनांना सोनेरी बटणं असायची. माझ्या लिनक्सवरची करडी, दरिद्री दिसायची आणि काहींना तर चेहराच नव्हता, नुसती आज्ञा टाइप करायची. लोक हसायचे. फुकटचं आहे, तसंच चालणार, म्हणायचे. मग मी भांडायची. माझ्याकडे चोरीचं एकही बटण नाही, हा माझा ताठा होता, आणि तो मी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची.

त्या वर्षांत वऱ्हाडात कापसाला भाव नव्हता. पेपर उघडला की पहिल्याच पानावर कुणाच्या तरी मरणाची बातमी असायची. आमच्या धंद्यात मात्र एक काम जोरात होतं, धीर देणाऱ्या गाण्यांचं. कुणी ना कुणी योजना काढायचं, गाडीवर भोंगा लावायचं आणि गावोगाव वाजवायला दोन मिनिटांचं गाणं मागायचं. उद्याचा दिवस आपला आहे, हिंमत सोडू नको, अशा ओळी आणि खाली आनंदी ढोलकी. मी ती गाणी करून द्यायची आणि मग दिवसभर घरातल्या भांड्यांवर राग काढायची. पण घर त्याच गाण्यांवर चालत होतं.

खरी अडचण विजेची होती. दिवसातले कितीतरी तास भारनियमन. वीज असली की समोरची पिठाची चक्की सुरू, आणि चक्की सुरू असताना माइक उघडणं म्हणजे चक्कीच रेकॉर्ड करणं. वीज गेली की गल्ली गपगार, पण लॅपटॉपही गपगार. म्हणून मी एक स्वस्तातला इन्व्हर्टर घेतला आणि वीज गेल्यावर त्याच्यावर रेकॉर्डिंग करू लागले. तो अर्धा तास चालायचा आणि तो अर्धा तास आवाजात एक बारीक घुंईऽऽ सोडून द्यायचा.

त्यावर मी जो उपाय काढला त्याचा मला फार अभिमान होता. रेकॉर्डिंगच्या आधी चाळीस सेकंद सगळ्यांना गप्प बसवून रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचा. मशीनला सांगायचं, हा कचरा आहे, नीट ओळखून ठेव. मग गाण्यातून ते तेवढं बरोबर वेचून काढायचं. हे सगळं एका दमात करणारी चार ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, मी लिहिली होती. ती खोलीच्या आवाजावरून कचरा शिकायची, सगळी रेकॉर्डिंग धुऊन काढायची, आणि माझी डिस्क लहान असल्यामुळे मूळ मळकी रेकॉर्डिंग पुसून टाकायची. लिनक्सला पूस म्हटलं की ते पुसतं. नक्की का, असं विचारत नाही. हेसुद्धा मी अभिमानानंच सांगायची.

अशा त्या खोलीत एका शनिवारी दुपारी अचलपूरचे चाचा आले.

चाचा पेटी दुरुस्त करायचे. लहानपणी आमच्या घरची पेटीही तेच लावून द्यायचे. वर्षातून एकदा यायचे, ओसरीवर मांडी घालून पेटीचं पोट उघडायचे आणि एकेक पितळी रीड, म्हणजे सुराची पट्टी, कानशीनं खरवडून सुरात आणायचे. हातात कानस आणि नाकात सूर, अशीच माझ्या डोळ्यांपुढे त्यांची मूर्ती आहे. तोंड मिटलेलं असलं तरी आत त्यांचा सा सुरूच असायचा. रीड वाजवायची, ती त्या सा शी जुळते का ते ऐकायचं, नाही जुळली की पुन्हा खरवडायची. चाची, म्हणजे त्यांच्या बायकोला, याचा फार वैताग होता. "घरात पाच मिनिटं चूप बसत नाई हा मानूस," असं ती आल्यागेल्याला सांगायची.

त्या शनिवारी चाचांच्या गळ्याला मफलर होता आणि आवाज इतका बसलेला की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"बेटा, गयात गाठ निघाली. सोमवारी अकोल्याले ऑपरेशन हाय, सकायी दहाले. डॉक्टर म्हन्ते जान वाचन, आवाज नाई वाचत."

मी काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला.

"रडू नको. काम घेऊन आलो. माया सा ठेवून दे तुया मशीनमंदी."

मी मूर्खासारखं विचारलं, "फक्त सा? सातही सूर घेऊन ठेवू ना चाचा."

"बाकीचे सूर कान पाह्यते. पन सा गयातूनच निंगते माया. तो गेला का मंग मी पेटी कशाच्या भरोशावर लावू?"

माझी हुशारी लगेच पुढे आली. मी त्यांना लॅपटॉपवर सूर मोजणारं प्लगिन उघडून दाखवलं. सूर वाजवला की काटा हलतो, मधल्या रेघेवर आला की झालं काम.

चाचांनी काट्याकडे पाहिलं. "ही रेघ कोनं आखली?"

मग त्यांनी मला बसवून समजावलं. शेंदूरजनाघाटपासून अकोल्यापर्यंत जितक्या मंडळांच्या पेट्या त्यांच्या हातच्या, त्या सगळ्या एकाच सा वर लावलेल्या होत्या, त्यांच्या गळ्याच्या. भजनाच्या सप्ताहात चार गावं एकत्र बसतात, चार पेट्या वाजतात, म्हणून त्या जुळाव्या लागतात. उन्हाळ्यानं, धुळीनं प्रत्येक पेटी थोडी थोडी उतरते, कुणी इकडे, कुणी तिकडे. त्यांना पुन्हा जागेवर आणायला मूळचा सा लागतो, आणि तो कुठल्याच पेटीत राहत नाही. माझ्या रेघेवर एक पेटी लावली तर बाकीच्या सगळ्या गावांशी ती भांडेल. त्यांना ऑपरेशननंतर काम करायचं होतं. दुसरं त्यांना काही येत नव्हतं, आणि नुसतं बसून राहणं तर मुळीच येत नव्हतं.

दोन वाजता वीज गेली. चक्की थांबली. मी इन्व्हर्टर सुरू केला, माइक त्यांच्या तोंडाजवळ आणला आणि सांगितलं, "चाचा, आता एक मिनिट एकदम चूप बसा. खोलीचा आवाज घेऊन राहिली मी."

त्यांनी मान हलवली आणि तोंड घट्ट मिटलं. मी रेकॉर्डचं बटण दाबलं, आणि तेवढ्यात शेजारच्या काकूंनी खलबत्त्यात मसाला कुटायला घेतला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेडफोन फेकून मी मागच्या दारातून बाहेर धावले आणि काकूंवर ओरडले. परत आले तर चाळीस सेकंद झाले होते. चाचा डोळे मिटून बसले होते. खोलीचा आवाज मिळाला, असं मी धरून चालले.

मग त्यांनी सा लावला. खालचा, मधला, वरचा. पूर्वीचा भरदार आवाज राहिलाच नव्हता, दाराच्या फटीतून यावा तसा बारीक येत होता, पण जागेवरून केसभरही हलत नव्हता. वरच्या सा ला गळ्याची शीर तट्ट फुगली. मी म्हटलं, पुरे. ते म्हणाले, "अजून एकदा. मंग कुठी मिळनार हाय."

इन्व्हर्टरनं शेवटची टीं टीं सुरू केली, तेव्हा मी थांबवलं.

"झालं का बेटा?"

"झालं चाचा. एकदम मस्त."

ते अकोल्याच्या बसला निघाले. चाचीचं माहेर अकोल्याचं, ती आधीच तिकडे गेली होती. वीज आल्यावर मी स्क्रिप्ट चालवली. चक्कीच्या गोंगाटात ऐकणं शक्यच नव्हतं, म्हणून ऐकलं नाही. रविवारी एका योजनेचं गाणं द्यायचं होतं, दिवसभर त्याच्यात गेला. माझ्या स्क्रिप्टवर माझा पूर्ण विश्वास होता.

सोमवारी सकाळी सहाला वीज आली, चक्की अजून उघडायची होती. मी चहाचा कप घेऊन बसले आणि हेडफोन लावले.

"माइक चालू हाय का?" चाचांचं बोलणं स्वच्छ आलं. मग सा सुरू झाला, आणि मी कप खाली ठेवला. आवाजाची सुरुवात होती, शेवट होता, मधलं काहीच नव्हतं. सा च्या जागी पोकळी, तिच्या कडेनं पाण्याच्या बुडबुड्यांसारखा काहीतरी खुळखुळाट. दुसरा तसाच. तिसरा तसाच. शेवटी पुन्हा चाचांचा स्पष्ट आवाज, "झालं का बेटा?"

मूळ रेकॉर्डिंग पुसलेली होती. पुसलेलं परत काढायचा प्रोग्राम चालवला, तर तिथे रविवारचं गाणं बसलेलं. उद्याचा दिवस आपला आहे.

मी चाचीच्या मोबाइलवर फोन लावला. घाईघाईनं सांगितलं, की रेकॉर्डिंग खराब झालं, मी लॅपटॉप आणि माइक घेऊन निघते, एकदाच, दोन मिनिटांसाठी सा घेते, तोवर डॉक्टरांना थांबवा.

"ऑपरेशन काय बस हाय थांबवायले?" चाची कडाडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "दहाच्या आत ये. त्याईले मी काई सांगत नाई. रातभर म्हनून राहिले, मायं काम झालं, सा बेटाजवळ ठेवून आलो."

पावणेसातची बस मिळाली. अडीच तासांचा रस्ता, म्हणजे सव्वानऊपर्यंत अकोला. मी लॅपटॉप मांडीवर धरून बसले होते आणि मनात हिशेब चालला होता, प्लग कुठे मिळेल, वॉर्डात गोंगाट किती असेल. गोंगाट असला तरी चालेल, मी ठरवलं. आता काही धुवायचं नाही.

मूर्तिजापूरच्या अलीकडे बस थांबली.

पुढे ट्रक, त्यांच्यापुढे बसगाड्या, आणि सगळ्यांच्या पुढे रस्त्यावर आडव्या लावलेल्या कापसाच्या गाड्या. भावासाठी रास्ता रोको. कंडक्टर खाली उतरून बघून आला आणि बिडी पेटवून बसला. "बारा तं वाजतेच," म्हणाला.

मी उतरून पुढे चालत गेले. आठ वाजले होते. रस्त्याच्या मधोमध माणसं बसली होती, बायाही होत्या. मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला म्हटलं की मला जाऊ द्या, अकोल्याला ऑपरेशन आहे. तो लगेच उठला, म्हणाला, "पेशंटची गाडी असन तं सोडतो ना बाई. पेशंट कुठी हाय?" पेशंट अकोल्यात आहे, माझ्याकडे फक्त माइक आहे, हे मला त्याला समजावता येईना. मी ओरडायला लागले. तुमच्यामुळे एका माणसाचं नुकसान होतंय, असं मी त्या माणसांना म्हटलं. त्यांना. आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो. तो म्हातारा परत जागेवर जाऊन बसला.

आणि तेवढ्यात कुठूनतरी ढोलकी वाजू लागली. आमच्या बसच्या मागे योजनेची एक प्रचारगाडी अडकली होती, तिच्या ड्रायव्हरनं वेळ जात नाही म्हणून भोंगा लावला होता. माझंच गाणं. दुसऱ्या ओळीत एक बारीक टक् होती. मशीनला दम लागला की आवाजात अशी खाच पडायची, ती मी तशीच जाऊ दिली होती, ऐकतंय कोण म्हणून. हिंमत सोडू नको. टक्. रस्त्यावर बसलेली एक बाई ओरडली, "बंद करा ना ते, राजेहो!" मी जाऊन ड्रायव्हरच्या खिडकीवर धाडधाड हात मारले आणि ते बंद करायला लावलं. नंतर एका मोटरसायकलवाल्याच्या हातापाया पडले, त्यानं शेतातल्या पांदणीनं मूर्तिजापुरात सोडलं, तिथून पॅसेंजर मिळाली. त्या दिवशी तीही जागोजागी थांबत होती.

अकोल्याच्या दवाखान्यात पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर चाची एकटी बसली होती, मांडीवर चाचांचा मफलर.

तिनं माझ्यावर ओरडावं असं फार वाटत होतं. ती ओरडली नाही. "नेताना पन नाकात चालूच होतं त्याईचं," म्हणाली. "दरवाजा लागला तवा ऐकू येनं बंद झालं."

मी तिच्या शेजारी बसले. मफलराची घडी करत ती म्हणाली, "बरे होईस्तोवर सांगू नको. त्या एका गोष्टीवर आत गेले ते."

गाठ निघाली, चाचा वाचले. दोन महिन्यांनी चाचीचा निरोप आला की ते घरी आलेत, पेटी उघडून बसलेत, तुला बोलावतात.

आता खरं तर जाऊन पाय धरायचे. पण माझ्यातला मस्तवालपणा अजून गेला नव्हता. माझ्याकडे लिनक्स होतं, सूर तयार करणारं प्लगिन होतं. खुळखुळाटातून मी सा ची जागा अंदाजानं काढली, काटा नाचत होता तरी मधली एक जागा धरली आणि तिथे नवा सूर उभा केला. त्यात थोडा श्वास मिसळला, थोडा खरखरीतपणा, जरा घुमारा. दोन दिवस मरमर केली. दुसऱ्या दिवशी मलाच तो चाचांचा वाटायला लागला.

अचलपूरला त्यांच्या घरी गेले. चाचा वाळले होते, गळ्यावर पांढरा रुमाल बांधलेला, डोळे मात्र तसेच. पुढ्यात एका मंडळाची पेटी उघडी आणि हातात कानस. मला बघून त्यांनी घाईघाईनं हाताखालचं सगळं बाजूला सारून लॅपटॉपसाठी जागा केली. मी स्पीकर जोडले आणि तो सूर सुरू केला. चाची चहा ठेवायला आत गेली होती, ती दारात येऊन थांबली.

चाचांनी डोळे मिटले. दहा सेकंदांनी उघडले. हात पुढे करून लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं आणि आता बोलण्यासाठी जवळ ठेवलेल्या पाटीवर उर्दूत तीन शब्द लिहिले. मला उर्दू वाचता येत नाही. चाचीनं वाचलं.

"हा कोन हाय?"

मग मी सांगितलं. सगळं. स्क्रिप्ट, पुसलेली रेकॉर्डिंग, बस, रास्ता रोको, हा बनावट सूर. चाचा ऐकत होते. ते चिडले असते तर बरं झालं असतं, पण चिडायला लागणारा आवाजही त्यांच्याजवळ नव्हता. माझं बोलून झाल्यावर त्यांनी पेटीचे स्क्रू एकेक करून परत लावले, वर कापड घातलं आणि ती भिंतीशी नेऊन ठेवली. चहा तसाच राहिला.

परत येताना बसमध्ये मी रडले नाही, मला स्वतःचा संताप येत होता. घरी आले आणि ती खराब रेकॉर्डिंग पुन्हा लावली, शिक्षा म्हणून. "माइक चालू हाय का?" स्वच्छ. सा, पोकळ. "झालं का बेटा?" स्वच्छ. तिसऱ्या वेळी ऐकताना मी थांबले. धुणं जास्त जोरात झालं म्हणून सा गेला, असं मी इतके दिवस धरून चालले होते. पण मग बोलणं कसं राहिलं? तोच आवाज, तोच माइक. मशीननं फक्त सा का काढला?

मशीनला कचरा म्हणून मी जे ऐकवलं, तेवढंच ते काढतं.

स्क्रिप्ट रेकॉर्डिंग पुसायची. खोलीच्या आवाजाची फाइल ती पुसत नव्हती, कारण तिला मी रेकॉर्डिंग मानतच नव्हते. फाइल तिथेच होती. चाळीस सेकंद. मी आयुष्यात पहिल्यांदा अशी फाइल ऐकली.

आधी इन्व्हर्टरची घुंईऽऽ. लांबून खलबत्ता. मग मागच्या दाराबाहेरून माझाच आवाज, "एक मिनिट मसाला बंद ठेवला तर काय बिघडते तुमचं!" आणि या सगळ्याच्या खाली, माइकला अगदी लागून, मिटल्या तोंडानं, न थांबता, चाचांचा सा. चूप बसा म्हटलं म्हणून ते चूप बसले होते. त्यांच्या चूप बसण्यात हे यायचंच, आणि हे मला लहानपणापासून माहीत होतं. सुरुवातीपासून शेवटापर्यंत चाळीस सेकंद तो सूर एका जागी उभा होता. मशीनला मी हाच कचरा म्हणून शिकवला होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं अचलपूर गाठलं. दार चाचीनं उघडलं. "आता काय आनलं?" तिच्या आवाजात थकवा होता.

"चाचाले बोलवा. लाइट किती वाजता जाते तुमची?"

"अकराले."

साडेदहा वाजले होते. चाचा बाहेर आले ते हात हलवतच, नको म्हणून. मी वायर लावली, स्पीकर जोडले, आणि ती फाइल जशीच्या तशी सुरू केली. संपली की पुन्हा पहिल्यापासून वाजेल अशी. चाची पोळ्या करायला आत गेली होती.

घुंईऽऽ. खलबत्ता. माझं खेकसणं. चाचांच्या कपाळाला आठी पडली. मग ती आठी गेली. ते स्पीकरजवळ सरकून बसले, कान अगदी जाळीला लावून. फाइल संपली, पुन्हा सुरू झाली.

ते उठले, भिंतीजवळची पेटी ओढत आणली, कापड बाजूला टाकलं. स्क्रू काढताना त्यांचा हात इतका घाई करत होता की एक स्क्रू घरंगळत चौकटीपर्यंत गेला. मी म्हटलं, "चाचा, ते घुंई साफ करून देऊ का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हात मागे घेतला.

सा ची रीड वाजली. पेटीचा सा आणि स्पीकरमधला सा एकत्र आले आणि दोघांमध्ये लहर उठली, वाँव वाँव वाँव. दोन सूर जवळ असून जुळत नसले की ही लहर येते. चाचांनी रीड काढली, कानशीनं टोकाजवळ दोनदा घासली, परत बसवली. लहर मंद झाली. पुन्हा काढली, एकदाच घासली. वाँऽऽव. वाँऽऽऽऽव. मी घड्याळ पाहत होते. अकराला सात मिनिटं. अकराला चार. रीड जास्त घासली गेली की पितळ परत येत नाही, हे मला माहीत होतं. चाचांनी शेवटचा हात फिरवला, रीड बसवली, भाता दाबला. लहर नव्हती. दोन सूर होते आणि एकच ऐकू येत होता.

तेव्हा चाची आतून आली. हाताला कणीक लागलेली, डोक्यावरची ओढणी घसरलेली. ती धावत आली होती. तिनं आधी चाचांच्या तोंडाकडे पाहिलं, मग गळ्यावरच्या रुमालाकडे. तोंड मिटलेलं होतं आणि घरात सूर चालू होता. तिनं भिंतीला हात टेकला, कणकेची पाच बोटं भिंतीवर उमटली. मला वाटलं तिला सहन होत नाहीये, म्हणून मी लॅपटॉपकडे हात नेला.

"राहू दे," ती म्हणाली. "चालू राहू दे."

अकरा वाजले आणि वीज गेली. पंखा थांबत थांबत थांबला. लॅपटॉपचा पडदा काळा झाला. चाचांच्या हाताखाली भाता हलत होता आणि सा तसाच चालू होता. चाची खाली बसली. लाइट गेल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही.